रेइनो हार्यूचा छत्तीस इंची बार

रेइनो हार्यू दारू पिऊन जंगलात जायचा म्हणून त्याची झाडं भलतीकडे पडली, असं आमच्या साल्मी क्रीकमध्ये अजूनही सांगतात. शुद्ध थापा. या माणसानं आयुष्यात कॉफीहून कडक काही घेतलेलं मी पाहिलेलं नाही. दुसरी अफवा अशी की त्याचा डावा हात कायमचा गेला. तीही खोटी, आणि तिला खतपाणी घालणाऱ्यांत मी होतो. तिसरी अफवा, की तो कृतघ्न आहे. ती तर माझ्याच तोंडातून निघालेली. दुकानाच्या काउंटरवर कोपर टेकून, येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत, मी ती तीन वर्षं पोसली.

म्हणून लिहायला बसलोय. रागानं बसलोय, हेही आधीच सांगून टाकतो. लिहिणं माझा धंदा नाही. मी विल्हो कांगस, चेनसॉ दुरुस्त करतो, एक्केचाळीस वर्षं, एकाच पत्र्याच्या शेडमध्ये. कुणाला माझी भाषा टोचली तर टोचू दे.

रेइनो झाडं पाडायचा. आमच्या विलापा टेकड्यांत सपाटीवर उभं राहून झाड पाडायला कुणालाच मिळत नाही. उतार असा की बूट घसरला तर माणूस थेट ओढ्यात. ओल्या नेच्यांतून, काटेरी झुडपांतून चढत जायचं, खांद्यावर करवत, कमरेला पाचरी आणि कुऱ्हाड, आणि दीडशे फुटी फर वृक्ष नेमका जिथं झोपवायचा तिथंच झोपवायचा. थोडं इकडेतिकडे झालं तर खोड खडकावर आपटून फुटतं, नाहीतर ओढ्याकाठच्या राखीव पट्ट्यात जातं, नाहीतर खाली काम करणाऱ्या माणसावर. रेइनोच्या हातून तेहतीस वर्षांत तसं कधी झालं नव्हतं. मुकादम नव्या पोरांना मुद्दाम त्यानं पाडलेल्या झाडांचे बुंधे दाखवायला न्यायचा. इतके सपाट की जेवणाचा डबा ठेवला तर हलणार नाही.

बोलायचा कमी. दुपारी आपल्याच तोडलेल्या बुंध्यावर बसून तो चेनला धार लावायचा, दर दाताला कानशीचे तीन फटके, कधी चौथा नाही. एकदा मी विचारलं होतं की चौथा मारला तर काय होईल. म्हणाला, "मग बाकीचे दात रुसतील." झाली त्याची थट्टा. महिन्याचा कोटा संपला. त्याच्या बापाला याच डोंगरातून स्ट्रेचरवर घालून खाली आणलं होतं. रेइनोचं एवढंच म्हणणं होतं की साठ पूर्ण झाले की आपण आपल्या पायांनी उतरायचं, करवत खांद्यावर घेऊन. याहून जास्त त्यानं आयुष्याकडे काही मागितल्याचं मला आठवत नाही.

आमच्याकडे करवत ज्याची त्याची असते. कंपनी डोंगर दाखवते, यंत्र माणसानं आपलं आणायचं. चेनची धारही ज्याची त्यानं लावायची; दुसऱ्यानं लावलेल्या धारेवर जंगलात जाणं म्हणजे दुसऱ्याच्या कवळीनं जेवणं. बार मात्र माझ्याकडे यायचा. बार म्हणजे ती लांब चपटी पोलादी पट्टी, जिच्या कडेच्या खाचेतून चेन पळते. या कडा झिजतात, एक उंच राहते, दुसरी बुटकी होते, आणि मग धार कितीही चांगली असली तरी काप वाकडा जातो. शनिवारी सकाळी गावातले सगळे बार माझ्या काउंटरवर पडायचे. मी ग्राइंडरवर कडा सारख्या करून द्यायचो. वेलदोड्याचा गोड पाव, कॉफी, गावभरच्या चुगल्या. संध्याकाळी माझ्या शेडमागच्या सौनात, वाफेच्या खोलीत, घाम काढायला तेच सगळे पुन्हा हजर. तीस वर्षं रेइनोचा बार माझ्या हातून गेला. कडा कशा बघायच्या, हे शिकायची त्याच्यावर वेळच आली नाही.

आणि मग ती दोन बोटांची रीत. नवा बार बसवला की पेट्रोल-तेलाच्या टाक्या भरायच्या, पुढच्या दांड्याखाली दोन बोटं घालून करवत उचलायची आणि सगळ्यांनी बघायचं की तिचं नाक, म्हणजे बारचं टोक, खाली जातं, वर जातं, की आडवं राहतं. आमच्या सगळ्या करवतींची नाकं खालीच जायची. छत्तीस इंच लांब भरीव पोलाद, ते आणखी कुठं जाणार? पण आम्हाला त्यातच भूषण. ज्याच्या करवतीचं नाक जास्त खाली, तो जास्त मर्द. असल्या मर्दपणाची आता मला चीड येते, पण तेव्हा त्याचा सगळ्यात मोठा पुजारी मीच होतो.

दोन हजार तीनच्या वसंतात एक विक्रेता हलका बार नमुना म्हणून ठेवून गेला. मधलं पोलाद कापून काढलेलं, त्या जागी ॲल्युमिनियम भरलेलं. अठ्ठावीस इंची होता. शनिवार होता, दुकान भरलेलं. मी तो दुकानातल्या सगळ्यात अवजड इंजिनावर चढवला, टाक्या काठोकाठ भरल्या, दोन बोटं घातली. इंजिन धपकन मागं कलंडलं आणि नाक छताकडे गेलं. अशी करवत धोक्याचीच. नाक वर उचललं की टोक लाकडाला लागून उसळतं आणि थेट माणसाच्या तोंडावर येतं. एवढं खरं होतं. पण मी तेवढ्यावर थांबलो असतो तर कांगस कसला. म्हणालो, ही करवत नाही, ही विणकामाची सुई आहे, घरी बायकोला द्या. बारा-तेरा जण पोट धरून हसले. रेइनोही हसला. मी हातोडा घेतला आणि तो बार काउंटरमागच्या भिंतीवर ठोकला. त्या दिवसापासून कुणी हलक्या बारचं नाव काढलं की मी मागं न बघता अंगठा भिंतीकडे करायचो. लोक हसायचे आणि विषय संपायचा.

चूक काय झाली ते आता ऐका. आमच्या टेकड्यांत अठ्ठावीस इंची बार वापरतो कोण? कुणीच नाही. आखूड बार हलका केला की इंजिन भारी पडतं, हे बरोबर. पण छत्तीस इंचीचं गणितच वेगळं. तिथं आधीच सगळं ओझं टोकाला लोंबत असतं. फरक म्हणाल तर दीड पौंडाचा, एखाद्या पावाएवढा. पण पाण्याची बादली अंगालगत धरणं आणि तीच बादली काठीच्या टोकाला अडकवून काठी आडवी धरणं, यात काय फरक आहे ते कुणालाही घरी करून बघता येईल. त्या टोकाच्या दीड पौंडाला आडवं ठेवायला डावा खांदा दिवसभर झिजतो, कारण पुढचा दांडा डाव्या हातात असतो. लांब बार हलका केला तर करवत दोन बोटांवर आडवी राहते. मी चुकीच्या लांबीची परीक्षा घेतली आणि सगळ्या गावाला निकाल सांगून टाकला.

आणि हे मला कळलं होतं. त्याच वर्षी, हिवाळ्याच्या तोंडाला, पर्वतापलीकडचा एक वाटसरू कार्ब्युरेटर साफ करायला करवत ठेवून गेला. छत्तीस इंची हलका बार. मी ती सहज उचलली आणि माझ्या हाताला समजलं. नाक ना खाली, ना वर. मी शेडचं दार लावून घेतलं आणि पुन्हा उचलली. मग साफ करून त्याला परत दिली आणि मूग गिळून बसलो. का? कारण खरं सांगायचं तर बारा जणांसमोर भिंतीवरची ती सुई काढावी लागली असती. एवढंच कारण. दुसरं एखादं बरं कारण मी पुष्कळ शोधलं, सापडलं नाही.

रेइनोचा खांदा माझ्या डोळ्यांसमोर गेला. सौनात माणसाचं काही झाकलेलं राहत नाही. आधी तो टॉवेल वरच्या खुंटीला अडकवायचा. मग खालच्या खुंटीला. मग बाकावरच ठेवायला लागला. डावा खांदा उजव्यापेक्षा चांगला दोन बोटं खाली आला होता. डॉक्टर म्हणाला होता की आतली दोरी विरत चालली आहे. मी काय म्हणालो असेन? म्हणालो, रेइनो, आता तुला सुई देऊ का? सगळे हसले. या वेळी तो हसला नाही, पाण्याचं भांडं उचललं आणि तापलेल्या दगडांवर इतकं पाणी ओतलं की आम्हा सगळ्यांना खालच्या पायरीवर पळावं लागलं.

दोन हजार नऊच्या शरदात तो यायचा बंद झाला. दुकानातही नाही, सौनातही नाही. निरोप नाही, कारण नाही. दोन शनिवार वाट पाहिली. तिसऱ्या शनिवारी माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तीस वर्षं ज्याचे बार घासले तो सांगतसुद्धा नाही? मी ठरवूनच टाकलं की तो पलीकडच्या गावातल्या नव्या दुकानात जातो. कुणी सांगितलं होतं का? कुणी नाही. पण माझ्या डोक्यात एकदा एखादी गोष्ट बसली की ती काढायला पाचर लागते. पोस्टात समोरासमोर आलो तर त्यानं मान हलवली आणि झपाझप निघून गेला. बघा, तोंड चुकवतोय, मी लोकांना सांगितलं. चोराच्या मनात चांदणं.

दोन हजार बाराच्या मार्चमध्ये त्याची दोन झाडं एकाच आठवड्यात चुकीच्या जागी पडली. पहिलं खडकावर फुटलं. दुसरं राखीव पट्ट्यात गेलं, आणि त्या वाटेवरून जेमतेम दहा मिनिटांपूर्वी एक माणूस चेन बदलायला वर आला होता. रेइनोनं बुंधा बघितला. मागचा काप एका बाजूला कमानीसारखा वाकला होता. चेन नवी होती, धार त्याची स्वतःची होती. मग उरलं काय? उरला डावा हात, ज्याबद्दल डॉक्टर, बायको आणि अख्खा गाव त्याला वर्षानुवर्षं सांगत होता की हा जाणार. संध्याकाळी त्यानं मुकादमाच्या ऑफिसात कागद मागितला आणि उभ्या उभ्या लिहिलं, "माझा डावा हात आता करवत सरळ धरू शकत नाही. खालच्या माणसाच्या जिवाला माझ्यामुळे धोका आहे. मला झाडं पाडायला ठेवू नका." खाली सही केली. कंपनीनं तो कागद दोन्ही हातांनी घेतला, आपल्या डॉक्टरचा शिक्का मारला, आणि कायमचा अपात्र असं नोंदवून टाकलं.

सत्तावन्न वर्षांचा होता. माझ्या कानावर आलं तेव्हा मी काय म्हणालो तेही लिहितो, कारण लपवायचं असतं तर लिहायलाच बसलो नसतो. म्हणालो, बरं झालं, जाऊ दे आता त्या दुकानात रडायला.

जूनच्या अखेरीस त्याची बायको मार्लिस दुकानात आली. ती शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते, उंच बाई, नजर सरळ. तिनं रेइनोची करवत काउंटरवर ठेवली आणि म्हणाली की ही विकायला ठेव, गॅरेजमध्ये दिसली की तो जेवत नाही. मी तुटकपणे म्हणालो की ज्या दुकानात बार जातो त्यांनाच विकायला सांग. ती म्हणाली, कुठलं दुकान? मी करवत बाजूला सरकवायला म्हणून पुढच्या दांड्याला धरून उचलली.

हाताला पुन्हा समजलं. छत्तीस इंची बार, आणि नाक खाली गेलं नाही.

बार काळा होता, चुलीला लावतात त्या रंगानं रंगवलेला. नखानं खरवडलं तर खालून ॲल्युमिनियम चमकलं. मी मार्लिसकडे बघितलं. तिनं सगळं सांगितलं, आणि सांगताना तिचा आवाज चढत गेला. तीन वर्षांपूर्वी त्यानं टपालानं मागवला होता. गॅरेजचं दार लावून त्याच्यावरची अक्षरं घासून काढली, काळा रंग दिला, म्हणजे टोळीतल्या कुणाला ओळखू येणार नाही. पहिल्याच आठवड्यात तो डाव्या कुशीवर झोपला, कित्येक वर्षांनी. घरचा टॉवेल पुन्हा वर लटकायला लागला. फक्त कडा घासून घ्यायला कुठं नेणार? तुझ्याकडे आणला असता तर तू हातात घेताच ओळखलं असतंस. पलीकडच्या गावात नेला असता तर संध्याकाळपर्यंत तुझ्या काउंटरवर बातमी आली असती. म्हणून तो घरीच घासायचा, व्हाइसच्या जबड्यात आवळून, साध्या कानशीनं.

मी काटकोन बघायचा गुण्या घेतला आणि कडांवर टेकवला. दोन्ही कडा एकाच बाजूला उतरत्या होत्या. कानस हातानं मारली की हात किंचित कलतोच, म्हणून तर ग्राइंडरला बार टेकवायला सपाट पाट लावलेला असतो. मी करवत मागं नेली, अंगणातल्या हेमलॉकच्या ओंडक्याची एक चकती कापली. काप कमानीसारखा वाकला. रेइनोच्या बुंध्यावर होता तसाच. मग बार काढला, कडा सारख्या केल्या, पुन्हा बसवला आणि दुसरी चकती कापली. टेबलासारखा सपाट.

मार्लिस दारात उभी राहून बघत होती. तिनं दोन्ही चकत्यांवरून हात फिरवला.

"म्हणजे त्याचा हात?" तिनं विचारलं.

"हाताला काही झालेलं नाही."

तिची नजर माझ्या पाठीमागच्या भिंतीकडे गेली, त्या खिळ्यांवरच्या सुईकडे. मी कटावणी घेतली आणि तो बार भिंतीवरून उखडला, सोबत फळीचा तुकडाही आला. उखडून काय उपयोग होता? पण हाताला काहीतरी करायचं होतं.

आता माझा भित्रेपणा बघा. मी रेइनोकडे गेलो नाही. दोन्ही चकत्या गाडीत टाकल्या आणि आधी मुकादमाकडे, डेल्बर्ट प्रेटरकडे गेलो. मनात हिशेब असा की आधी त्याची नोकरी परत मिळवायची, मग आनंदाची बातमी घेऊन जायचं, म्हणजे मधलं माझं पाप कुणी विचारणार नाही. डेल्बर्ट चाळिशीचा, स्वतः झाडं पाडून वर आलेला. त्यानं चकत्या उजेडात धरल्या. मी न सांगताच त्याला समजलं. तो खुर्चीत बसला.

"कांगस, तो कागद रेइनोनं स्वतःच्या हातानं लिहिलाय."

"मग फाडून टाक."

"फाडता येत नाही. उद्या त्याला परत वर पाठवला आणि एखादी फांदी कुणाच्या डोक्यात पडली, तरी वकील तोच कागद वाचून दाखवेल. धोका आहे असं त्यानंच म्हटलंय ना, असं विचारेल. आमचीच काय, कुठलीच कंपनी त्याला हातात करवत देणार नाही."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तोंडाला येईल ते बोललो. म्हटलं, तेहतीस वर्षं राबलेला माणूस दोन झाडं चुकला तर बार बघायचं तुमच्यापैकी एकालाही सुचलं नाही? मुकादम म्हणून मिरवतोस, बुंधा बघून काप का वाकला ते ओळखता येत नाही? कागद आयताच मिळाला म्हणून घेतलात ना? डेल्बर्टनं सगळं ऐकून घेतलं. तो रागावला असता तर मला बरं वाटलं असतं.

"सुचायला हवं होतं," तो म्हणाला. "मीही तेच म्हणालो, वय झालं. पण तीन वर्षं त्याचा बार तुमच्याकडे आला नाही, कांगस. तुम्ही एकदा तरी त्याच्या घरी जाऊन विचारलंत?"

चकत्या त्याच्या टेबलावर तशाच टाकून मी बाहेर आलो.

मार्लिसला फोन करून सांगितलं की नोकरी परत मिळत नाही. ती म्हणाली की मग रेइनोला काहीच सांगू नकोस. मी म्हटलं, हे कसलं? ती म्हणाली, "वय झालं, हात थकला, असं त्यानं मनाला समजावलंय. कसंबसं समजावलंय. ती समजूत काढून घेतलीस तर बदल्यात त्याला काय देणार आहेस?"

चार दिवस मी दुकान उघडं ठेवून नुसता बसलो. बाई खरंच बोलत होती. सांगितलं तर त्याला कळणार की जे गेलं ते फुकट गेलं. नाही सांगितलं तर एक धडधाकट माणूस स्वतःला मोडका समजून मरेपर्यंत जगणार. यातलं कमी वाईट कुठलं, ते मला आजही ठरवता येत नाही. पण एकदा गप्प बसून मी बघितलं होतं, आणि त्याचं फळ त्या माणसाच्या अंगणात बसलेलं होतं. पाचव्या दिवशी बारवरचा सगळा काळा रंग खरवडून काढला, कडा पुन्हा तपासल्या, टाक्या भरल्या आणि गेलो.

रविवारची दुपार होती. रेइनो अंगणात एका हातानं चुलीची लाकडं रचत होता. डावा हात पॅन्टच्या खिशात खुपसलेला. कॉफीचा कप उचलायचा तर आधी लाकूड खाली ठेवायचा, मग त्याच हातानं कप घ्यायचा. न वापरून तो दंड बारीक झाला होता. मी करवत ओंडक्यावर ठेवली. उघडा पडलेला हलका बार त्याला दिसला आणि त्याच्या कानापर्यंत लाली चढली, चोरी पकडल्यासारखी. ती लाली बघून मला स्वतःचंच थोबाड फोडावंसं वाटलं.

"म्हणजे मार्लिसनं सांगितलं," तो म्हणाला.

मी म्हटलं, नुसतं काप. तो नको म्हणाला, हात धरत नाही म्हणाला. मी म्हटलं, एकदाच, फरच्या त्या ओंडक्यात, मग मी जातो. त्यानं खिशातून हात काढला. करवत सुरू केली, डाव्या हातानं पुढचा दांडा धरला आणि कापलं.

चकती खाली पडली. त्यानं इंजिन चालू ठेवूनच वाकून कापावर तळहात फिरवला. मग दुसरी चकती काढली. मग तिसरी. सात-आठ काढल्या असतील, एकाहून एक सपाट. हात तीन महिने रिकामा होता. पण करवत आडवी होती. मग त्यानं ती बंद केली.

"कडा?" त्यानं विचारलं.

"कडा. दोन्ही एकाच बाजूला कललेल्या होत्या."

"सरळ करायला किती वेळ लागला?"

"दहा मिनिटं."

तो ओंडक्यावर बसला. मी उभाच राहिलो. डेल्बर्टकडे जाऊन आलो ते सांगितलं, कागदाचं सांगितलं. त्यानं मान डोलावली, जणू ते त्याला आधीच ठाऊक होतं. मग बारकडे बघत त्यानं विचारलं, "भिंतीवरच्या त्या सुईबद्दल तू जे सांगायचास, ते खरं नव्हतं, हे तुला कधी कळलं?"

"त्याच वर्षी," मी म्हणालो. "हिवाळ्याच्या आत."

मला वाटलं तो आता मारेल. मी मनात तयारही झालो होतो. नाक फुटलं असतं तर गावात दाखवत फिरलो असतो. पण रेइनो आयुष्यात कुणावर ओरडलेला नाही, आणि त्या दिवशीही त्याचा आवाज चढला नाही. तो डाव्या हाताची मूठ उघडत होता, मिटत होता.

"पोरीला एप्रिलमध्ये मुलगी झाली," तो म्हणाला. "दर रविवारी घेऊन येते. माझ्यासमोर धरते, आजोबा घ्या म्हणते. तीन महिने झाले, विल्हो. मी एकदाही घेतली नाही तिला. हातातून पडेल म्हणून."

मग त्यानं करवत उचलून माझ्या हातात दिली आणि आता जा म्हणाला. मी गेलो.